जमीन जात नाही, पण ओढा जातो: विमानतळाच्या पर्यावरण मंजुरीत पाण्याचा प्रश्न कसा मांडावा

पुरंदर तालुक्यात विमानतळाची मोजणी निघाली की वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव ही सात नावे वर्तमानपत्रांत येतात. ज्यांची जमीन संपादनात आहे त्यांची ही नावे आहेत आणि ती यायलाच हवीत. परंतु त्या गावांच्या उताराला, कऱ्हेकडे वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठी, अशीही गावे आहेत ज्यांचा एक गुंठाही संपादनात नाही, आणि पठारावरचे पाणी मात्र त्यांच्याच विहिरींत उतरते. मोबदल्याच्या यादीत त्यांचे नाव नसते, त्यामुळे बैठकीचे निमंत्रणही नसते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. लोहगाव विमानतळाच्या परिसरातल्या नाल्याकाठच्या वस्त्यांनाही त्यातला बराचसा भाग लागू पडेल.

पाण्याच्या वादाचा निकाल बहुतेक वेळा काम सुरू होण्यापूर्वीच्या एका वर्षात लागून जातो. त्या वर्षी विहिरीत पाणी किती आणि कसे होते याचा तारखेसह पुरावा कोणाकडे आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. प्रकल्पकाराकडे तो असतो, कारण कायद्याने त्याला तो गोळा करावा लागतो. गावाकडे सहसा आठवणी असतात.

प्रकल्प नेमका कोणता, ते आधी ठरवा

‘विमानतळाचा विस्तार’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात: नवा विमानतळ, धावपट्टीची लांबी वाढवणे, नवी टर्मिनल इमारत, आणि इंधनसाठा, मालवाहतूक संकुल यांसारखी पूरक कामे. प्रत्येकाची वाट वेगळी आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात विमानतळ ७(अ) या नोंदीखाली येतात. व्यावसायिक वापराचा नवा विमानतळ ‘अ’ वर्गात मोडतो, म्हणजे त्याचा निर्णय दिल्लीत, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयात, तज्ज्ञ मूल्यमापन समितीच्या शिफारशीवर होतो. केवळ टर्मिनल इमारतीचा, हद्द न वाढवता केलेला विस्तार असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही प्रक्रिया बरीच हलकी झाली आहे आणि तिथे जनसुनावणीची अपेक्षा धरून बसल्यास हाती काही लागत नाही.

लोहगावच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. धावपट्टी भारतीय हवाई दलाची आणि प्रवासी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे. जुलै २०२४ मध्ये तिथले नवे टर्मिनल वापरात आले. तिथल्या नाल्यातल्या पाण्याबद्दल तक्रार करायची असेल तर आधी कोणत्या भिंतीच्या आतून पाणी येते हे नकाशावर दाखवावे लागते. नाहीतर दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात आणि वर्ष निघून जाते.

म्हणून पहिले काम: मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर प्रकल्पाचा प्रस्ताव क्रमांक शोधा, अर्ज उतरवून घ्या आणि त्याची छापील प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. संकेतस्थळावर काही सापडले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘विमानतळाची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज करू नका. ‘अमुक प्रस्तावाचा अर्ज, त्याचे नकाशे आणि समितीने ठरवलेल्या संदर्भ अटी (अहवालात काय तपासायचे याची यादी)’ एवढेच मागा.

अर्जातल्या रिकाम्या रकान्यांकडे दुर्लक्ष करू नका

हा अर्ज, ज्याला अजूनही सगळे ‘फॉर्म १’ म्हणतात, कंटाळवाणा असतो. जवळ कोणते जलस्रोत आहेत, वन आहे का, पूरप्रवण भाग आहे का, असे प्रश्न आणि समोर ‘आहे’ किंवा ‘नाही’. तरीही संपूर्ण प्रक्रियेतले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कागद हेच आहेत, आणि ते महत्त्व गोव्याच्या मोपा विमानतळाने दाखवून दिले. त्या विमानतळाला ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये ती कायम ठेवली; परंतु २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. न्यायालयाचे मुख्य आक्षेप दोन होते. अर्जात परिसराविषयीची आवश्यक माहिती उघड केलेली नव्हती, आणि तज्ज्ञ समितीने कारणे न नोंदवता शिफारस केली होती. पुढे जादा अटी घालून जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ उभाही राहिला. मंजुरी कायमची रद्द होईल या आशेवर हे काम करू नये, असाही धडा त्यातून घ्यावा. मिळतात त्या अटी. आणि चांगल्या अटींची किंमत गावाला दरवर्षी उन्हाळ्यात कळते.

तर अर्ज घेऊन बसा आणि गावनकाशा शेजारी ठेवा. नकाशावर रेघ असलेला प्रत्येक ओढा, प्रत्येक पाझर तलाव, नालाबांध, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, जलयुक्त शिवारात झालेले प्रत्येक काम अर्जात आहे का ते तपासा. जलयुक्तच्या कामांची यादी तालुका कृषी कार्यालयात मिळते. अर्जात ‘नाही’ आणि शासनाच्याच यादीत ‘आहे’, अशी एक जरी नोंद सापडली तरी ती पाच पानी निवेदनापेक्षा जड ठरते, कारण जाणीवपूर्वक माहिती दडवली किंवा चुकीची दिली तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते, असे अधिसूचनेच्या आठव्या परिच्छेदातच म्हटले आहे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेले आहेत. म्हणून ‘आमचा पाझर तलाव ही संरक्षित पाणथळ जागा आहे’ असा दावा करू नका. तो पहिल्याच उत्तरात खोडला जातो आणि तुमचे बाकीचे म्हणणेही सैल वाटू लागते. तलावामुळे खालच्या किती विहिरी भरतात, हे दाखवा.

वर्षभराची नोंद

पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अहवालासाठी प्रकल्पकाराचे सल्लागार जी पायाभूत माहिती गोळा करतात ती प्रथेप्रमाणे एका ऋतूची असते आणि तो ऋतू पावसाळा सोडून निवडला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो, ते ज्याने कऱ्हेचे पात्र मार्चमध्ये पाहिले आहे त्याला सांगायला नको. अहवालात ओढ्यासमोर ‘कोरडा’ असा शेरा येतो आणि पुढच्या प्रकरणात ‘परिसरातील भूपृष्ठजलावर लक्षणीय परिणाम संभवत नाही’ असे वाक्य लागते. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी असू शकतात. पण धावपट्टीवरून पाणी वाहणार आहे ते जुलैमध्ये, आणि जुलैतला ओढा त्या अहवालात कुठेच नसतो. तो तुम्ही नोंदवायचा आहे.

विहिरींपासून सुरुवात करा. धावपट्टीच्या नियोजित हद्दीच्या वरच्या अंगाला दोन आणि खालच्या अंगाला सात-आठ, अशा विहिरी निवडा. वरच्या अंगाच्या विहिरी कोणी निवडत नाही, आणि तिथेच चूक होते. उद्या खालच्या विहिरीचे पाणी बिघडले आणि वरच्या विहिरीचे बिघडले नाही, तरच दोष वाटेतल्या प्रकल्पाकडे जातो. दोन्हीकडे बिघडले तर कारण दुसरे असू शकते. पाण्याची पातळी मोजताना पंप आदल्या रात्रीपासून बंद ठेवा, कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून टेप सोडा. गावात अजूनही विहिरीची खोली परसांत, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात, सांगतात. बोलताना तसे सांगावे, वहीत मात्र मीटर आणि सेंटिमीटर लिहावेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिचे मुख्यालय पुण्यातच आहे, आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत घेते. तुम्हीही किमान तेच महिने पाळा, म्हणजे तुमचे आकडे शासनाच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. जवळच्या निरीक्षण विहिरीची मागची दहा-पंधरा वर्षे माहिती अधिकारात मिळतात, तीही घ्या. बेसॉल्टच्या खडकात पाणी भेगांतून आणि मुरमाड थरातून फिरते, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरी अगदी निराळ्या वागू शकतात. एका विहिरीवरून गावाचा निष्कर्ष काढू नये. अंजिराच्या मीठा बहाराला पाणी थेट उन्हाळ्यापर्यंत पुरवावे लागते. म्हणून मार्च आणि मे या दोन नोंदी तुमच्या बाबतीत सर्वांत मोलाच्या आहेत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हेही त्याच पानावर लिहून ठेवा.

ओढ्यासाठी वेगळी शिस्त लागते. जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसाचे पाणी सर्वांत गढूळ असते, आणि पुढे विमानतळ झाल्यावर तेच पाणी धावपट्टीवरचे तेल, रबर आणि धूळ घेऊन येणार आहे. ते पाणी सुरू झाल्यापासून पहिल्या तासात एक नमुना, आणि पाऊस स्थिरावल्यावर ऑगस्टमध्ये दुसरा, असे किमान दोन घ्या. शिवाय ओढा कोणत्या तारखेला वाहू लागला आणि कोणत्या तारखेला थांबला, एवढी साधी नोंदही ठेवा. ओढा दिवाळीपर्यंत वाहतो की दसऱ्यालाच थांबतो, हे भूजलाच्या प्रवाहाचे मोजमाप आहे आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

या ‘सावकाश झिरपणाऱ्या’ पाण्यावरून परदेशातही मोठे वाद झाले आहेत. अमेरिकेतल्या सिएटल-टॅकोमा विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीसाठी प्रचंड भराव घालायचा होता. आसपासच्या नगरपालिकांनी राज्याच्या जलगुणवत्ता प्रमाणपत्राला आव्हान दिले आणि वादाचे दोन मुख्य मुद्दे होते भरावात येणारी माती किती स्वच्छ असावी आणि कोरड्या दिवसांत छोट्या ओढ्यांमधला प्रवाह कसा टिकवावा. प्रकरण २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. धावपट्टी अखेर नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली, पण अटींसह. आपल्याकडे नवी मुंबई विमानतळासाठी तर उलवे नदीचा प्रवाहच वळवावा लागला. डोंगराळ किंवा पठारी जमीन सपाट करताना भराव आणि प्रवाह हे दोन प्रश्न कुठेही चुकत नाहीत, म्हणून तुमच्या निवेदनातही ते असावेत: भरावाचा मुरूम कोठून येणार, त्याची तपासणी कोण करणार, बुजलेल्या ओढ्याचे पाणी कोणत्या बाजूला काढणार.

काय तपासायचे आणि कसे

पाणी ‘खराब आहे’ असे म्हणण्याला अर्थ नसतो. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात प्रत्येक घटकाची मर्यादा दिली आहे: सामू (पीएच) ६.५ ते ८.५, विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत, नायट्रेट ४५, खनिज तेल ०.५, आणि ई-कोलाय जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये मुळीच नको. सिंचनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘ई’ वर्गात विद्युतवाहकतेची मर्यादा सेंटिमीटरला २२५० मायक्रोम्हो आहे. पहिल्या वर्षी गढूळपणा, सामू, क्षार, नायट्रेट, क्लोराइड, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू), तेल व ग्रीस, खनिज तेल, शिसे आणि जिवाणू एवढे तपासून घेतले तरी पुरेसे आहे.

पुरंदरमध्ये एक खास अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. पुरंदर उपसा सिंचन योजनेचे पाणी मुळा-मुठेतून उचलले जाते, म्हणजे पुण्याचे सांडपाणी मिसळलेले पाणीच तालुक्यातल्या शेतांत आणि पाझर तलावांत येते. तुम्ही तक्रार केलीत की समोरून हमखास उत्तर येईल, ‘इथले पाणी आधीच दूषित होते.’ त्यावर उपाय एकच. उपशाचे पाणी सुटण्याआधी आणि सुटल्यानंतर असे वेगवेगळे नमुने घ्या आणि उपशाच्या आवर्तनाच्या तारखा वहीत लिहा. सांडपाण्याची खूण बीओडी, नायट्रेट आणि जिवाणू यांत दिसते. विमानतळाची खूण खनिज तेल, इंधन आणि आग विझवण्याच्या फेसातल्या रसायनांत. दोन्ही खुणा वेगळ्या ठेवल्या तर ‘आधीच दूषित होते’ हे उत्तर अर्धेच उरते.

फेसाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या अहवालांत त्याला फार तर एक ओळ मिळते. विमानतळावरच्या अग्निशमन सरावात वर्षानुवर्षे जो फेस वापरला गेला त्यात पीएफएएस गटातली फ्लोरिनयुक्त रसायने असतात. ती निसर्गात जवळपास विघटित होत नाहीत आणि भूजलात दूरवर जातात. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात हवाई तळांभोवतीच्या विहिरी त्यांमुळे बाधित झाल्या आहेत. आयएस १०५०० मध्ये त्यांची मर्यादा नाही, त्यामुळे नंतर मोजून भांडणे अवघड. म्हणून आधीच अट मागा: सराव फक्त अस्तर घातलेल्या जागेवर, त्याचे पाणी पावसाच्या गटारात नाही, आणि फेस फ्लोरिनविरहित. असे फेस आज उपलब्ध आहेत. उलट, थंड देशांतल्या विमानतळांवर पाणीवादाचे मोठे कारण असलेले बर्फ वितळवण्याचे ग्लायकॉल आपल्या निवेदनात घालू नका. परदेशी लेखांतून उतरवलेला तो मुद्दा पुण्यात हास्यास्पद ठरेल.

नमुना घेण्याची रीत चुकली तर प्रयोगशाळेचा कागद रद्दीच्या भावाचा होतो. तेलासाठी काचेची रुंद तोंडाची बाटली लागते, कारण तेल प्लॅस्टिकला चिकटते, आणि ही बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळायची नसते. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली लागते आणि बर्फाच्या पेटीतून ती त्याच दिवशी पोचवावी लागते. बीओडी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांची मोजतात, परदेशात २० अंशांवर पाच दिवसांची. आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात असावे. विहिरीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकली असेल तर त्यानंतर लगेच घेतलेला जिवाणूंचा नमुना निरुपयोगी आहे, म्हणून पाणी शुद्धीकरण बघणाऱ्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारूनच दिवस ठरवा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी आणि तुम्हाला हव्या त्या घटकासाठी तिची मान्यता आहे का, हेही विचारावे. बाटली कोणी भरली, कोणी नेली, किती वाजता दिली याचा छोटा पंचनामा करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ग्रामपंचायतीचे पाणी तपासणी अहवाल आणि एप्रिल व ऑक्टोबरमधल्या स्वच्छता सर्वेक्षणाचे हिरवे, पिवळे, लाल कार्ड यांच्या प्रतीही जोडा. त्या शासनाच्याच असल्यामुळे त्यांवर कोणी शंका घेत नाही.

तुमचे नमुने हा कायदेशीर नमुना नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, मोहोरबंद करून घेतो तोच खटल्यात पुरावा ठरतो. तुमचा अहवाल त्या अधिकाऱ्याला यायला भाग पाडतो, आणि लवादापुढे प्रथमदर्शनी प्रश्न उभा करतो.

मसुदा अहवाल वाचताना

मसुदा अहवाल शेकडो पानांचा असतो, तो पहिल्या पानापासून वाचू नका. आधी नमुना घेतल्याच्या जागांचा नकाशा काढा. त्यात ओढ्याच्या खालच्या अंगाला एकही जागा नसेल, किंवा सगळ्या जागा रस्त्याकाठच्या असतील, तर तो पहिला आक्षेप. मग तारखा पाहा; मंत्रालय तीन वर्षांहून जुनी पायाभूत माहिती चालवून घेत नाही. सल्लागार संस्थेला विमानतळ या क्षेत्रासाठी मान्यता आहे का तेही पाहा. केरळमधल्या आरनमुळा विमानतळाची मंजुरी हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठाने मे २०१४ मध्ये रद्द केली, तेव्हा सल्लागाराची मान्यता हा एक मुद्दा होता.

त्यानंतर पाण्याचा ताळेबंद. आयएस ११७२ या मानकाप्रमाणे विमानतळावर माणशी ७० लिटर पाणी धरतात. वर्षाला एक कोटी प्रवासी म्हणजे दिवसाला सुमारे २७,४००, म्हणजे १९ लाख लिटर. कर्मचारी, उपाहारगृहे आणि वातानुकूलन वेगळे. हे पाणी कोणत्या धरणातून येणार आणि जलसंपदा विभागाचे पत्र जोडले आहे का, हे पाहा. ‘शून्य विसर्ग’ असे लिहिले असेल तर एकच प्रश्न विचारा: प्रक्रिया केलेले सांडपाणी बागेला देणार असाल, तर जुलैत बागेला पाणी नको असते तेव्हा ते कुठे जाणार? या प्रश्नाचे उत्तर मी वाचलेल्या फार थोड्या अहवालांत आहे.

पावसाच्या पाण्याचे गणित तुम्ही स्वतः करू शकता. चार किलोमीटर लांब आणि साठ मीटर रुंद धावपट्टी म्हणजे २४ हेक्टर. तिच्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १२,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी २० लाख लिटर पाणी होते, दहा हजार लिटरचे बाराशे टँकर. शेतात यातले बरेच मुरते. डांबर-काँक्रीटवरून जवळपास सगळे वाहते. टॅक्सी-वे, विमाने उभी करण्याचा तळ आणि इमारती यांचे क्षेत्र त्यात मिळवा आणि अहवालातल्या गटाराच्या क्षमतेशी ताडून बघा.

इथे एक पेच आहे. हे पाणी अडवायला तळी करावीत असे आपण म्हणणार, पण विमानतळाला धावपट्टीजवळ उघडे पाणी नको असते, कारण पाण्यावर पक्षी येतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शक सूचनेत अशी तळी जोरदार पावसानंतर ४८ तासांत रिकामी व्हावीत असे म्हटले आहे. त्यामुळे ‘तळी करू’ हे आश्वासन नंतर मोडले जाण्याची शक्यता गृहीत धरा आणि हद्दीबाहेर, ओढ्याच्या खालच्या टप्प्यात, तेल वेगळे करणाऱ्या टाक्यांनंतर पुनर्भरणाची कामे मागा.

जनसुनावणी

सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी नसलेला प्रतिनिधी असतो. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस यावी लागते, आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असावा लागतो. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळतो. मराठी सारांश नसेल, किंवा असून त्यात पाण्याचे प्रकरण अर्ध्या पानात उरकले असेल, तर हरकत सुनावणीच्या दिवसापर्यंत राखून ठेवू नका. आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. नंतर तीच हरकत उशिरा सुचलेली वाटते. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे बहिष्कार टाकून सुनावणी थांबत नाही. मी पाहिलेल्या एका सुनावणीत गावाने सभात्याग केला आणि इतिवृत्तात ‘पाण्याविषयी कोणताही आक्षेप आला नाही’ अशी नोंद झाली.

दुसरी चूक याहून वारंवार होते. सुनावणीत बोलणारे दहापैकी नऊजण जमिनीच्या दरावर बोलतात. तो प्रश्न न्याय्य आहे, पण त्याचा निर्णय घेणारे कार्यालय वेगळे आहे, आणि इतिवृत्तात सगळा विरोध ‘मोबदल्याबाबत’ या एका शब्दात मिटतो. म्हणून गावातल्या दोघा-तिघांनी ठरवून फक्त पाण्यावर बोलावे. प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा, त्यात विहिरीचा गट क्रमांक, तारीख आणि आकडा सांगावा, आणि तोच प्रश्न लेखी स्वरूपात द्यावा. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणे बंधनकारक आहे, आणि चित्रीकरणही होते. तोपर्यंत थांबा. तुमचा प्रश्न वाचला गेला नाही तर तिथेच हात वर करा.

मंजुरी आल्यानंतर दिवस मोजायला लागा

प्रकल्पकाराला मंजुरीची जाहिरात सात दिवसांत स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि ग्रामपंचायतीला प्रत पाठवावी लागते. हरित लवाद कायदा, २०१० च्या कलम १६ प्रमाणे अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. पुरेसे कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. एकूण नव्वद दिवसांनंतर उशीर माफ करण्याचा अधिकार लवादालाही नाही. दिवस मोजताना संकेतस्थळ, जाहिरात आणि ग्रामपंचायत यांपैकी सर्वांत आधीची तारीख धरा, म्हणजे वाद उरत नाही. मंजुरीला आव्हान द्यायचे असेल तर कलम १६. प्रत्यक्ष प्रदूषण होत असेल तर कलम १४, वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत. आणि नुकसानभरपाईसाठी कलम १५, पाच वर्षांत. भरपाई न मागणाऱ्या अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे. सासवडकरांचे नशीब असे की पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच, कौन्सिल हॉलसमोरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत आहे. पक्षकार स्वतः बाजू मांडू शकतो, तरी मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा आणि शक्यतो पर्यावरण कायद्याची सवय असलेला वकील घ्या. लवादाला पूर्वदक्षता आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ ही तत्त्वे कलम २० प्रमाणे लावावी लागतात; तुमची वर्षभराची वही तिथे कामी येते.

काम सुरू झाल्यावर

मंजुरीपत्रातल्या अटी मराठीत उतरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. जल कायद्याखालचे स्थापनेचे आणि नंतर चालवण्याचे संमतीपत्र वेगळे असते. त्यातही सांडपाण्याचे प्रमाण आणि गुणवत्ता लिहिलेली असते, ती प्रतही मिळवा. पहिल्या दोन पावसाळ्यांत त्रास तेलाचा नसतो, मातीचा असतो. उघड्या भरावावरून गाळ वाहून बंधारे भरतात, कामगारांच्या वसाहतीचे सांडपाणी ओढ्यात येते, सुरुंगांनी जुने झरे हलतात. प्रत्येक वेळी तारखेचा फोटो, बंधाऱ्यातल्या गाळाची उंची आणि तुमच्या त्याच खुणेपासूनची विहिरीची पातळी लिहा.

प्रकल्पकाराला अटींच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. १ जूनचा अहवाल हाती आला की त्यातले पाण्याचे आकडे मेच्या तुमच्या नोंदीशी ताडून पाहा, आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात, पहिला पाऊस पडून ओढा धुऊन निघण्याआधी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना घ्यायला लेखी बोलवा.